वीज देणारे सिरॅमिक पदार्थ : इंधन घट व विद्युत् विच्छेदन यांतील संशोधन

गावोगावच्या विजेच्या खांबांवर तारा जेथे बांधलेल्या असतात, तेथे पांढऱ्या अथवा तपकिरी रंगाचे चिनी मातीचे रोधक बसविलेले आढळतात. तारेतील वीज खांबात उतरू नये, हे त्यांचे काम. भट्टीत भाजलेल्या मातीतून वीज वाहत नाही, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की, त्याविषयी कोणी शंका घेत नाही. तथापि भट्टीत भाजून तयार केलेले काही पदार्थ असेही आहेत की, ते तापून लाल झाले म्हणजे त्यांतून वीज वाहू लागते. ही वीज तांब्याच्या तारेतील विजेसारखी नसते. ऑक्सिजनचे विद्युतभार असलेले कण, ज्यांना शास्त्रीय भाषेत आयन म्हणतात, ते या घन पदार्थाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकत जातात. या एका गुणधर्मावर दोन तंत्रे उभी आहेत. एक, इंधन न जाळता त्यापासून थेट वीज मिळविणे. आणि दुसरे, विजेच्या साहाय्याने वाफेतून हायड्रोजन वेगळा काढणे.

सूर्य व वारा यांपासून मिळणारी वीज आपल्या देशात झपाट्याने वाढत आहे. परंतु सूर्य मावळतो आणि वारा पडतो. दुपारी मिळालेली वीज रात्री किंवा पावसाळ्यात वापरावयाची असेल, तर ती कोणत्या तरी रूपाने साठवावी लागते. खत कारखाने व पोलाद कारखाने यांना तर विजेबरोबरच हायड्रोजनही हवा असतो. यास्तव या सिरॅमिक पदार्थांच्या संशोधनाकडे अनेक देशांचे लक्ष लागले आहे. हे पदार्थ कोणते, ते काम कसे करतात, आणि त्यांच्याकडून काय व केव्हा अपेक्षिता येईल, याचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

परस्परांच्या उलट दोन क्रिया

इ. स. १८०० मध्ये इंग्लंडमधील निकल्सन व कार्लाइल या दोघांनी त्या वेळी नव्यानेच निघालेल्या व्होल्टाच्या विद्युत् घटाच्या तारा पाण्यात बुडविल्या, तेव्हा एका तारेवर हायड्रोजनचे व दुसऱ्या तारेवर ऑक्सिजनचे बुडबुडे जमू लागले. पाण्याचे विजेने असे पृथक्करण करणे म्हणजेच विद्युत् विच्छेदन होय. पुढे १८३९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये शोनबाइन आणि ब्रिटनमध्ये विल्यम ग्रोव्ह यांनी याच्या उलट क्रिया घडत असल्याचे दाखवून दिले. प्लॅटिनमच्या पट्ट्यांभोवती हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू ठेवले असता त्यांचा संयोग होऊन पाणी बनते आणि त्याच वेळी वीज निर्माण होते. ग्रोव्ह हा व्यवसायाने वकील होता व पुढे न्यायाधीशही झाला. त्याने आपल्या साधनास वायूंचा विद्युत् घट म्हटले. आज त्यालाच इंधन घट म्हणतात.

कोळसा जाळून वीज निर्माण करताना प्रथम उष्णता, मग वाफ, मग चक्राची गती आणि शेवटी वीज, अशी चार पायऱ्यांची वाट चालावी लागते. प्रत्येक पायरीवर काही ऊर्जा वाया जाते. आपल्याकडील कोळशावरील केंद्रांत इंधनातील ऊर्जेपैकी साधारणतः एक तृतीयांशच विजेच्या रूपाने हाती येते. इंधन घटात मधल्या पायऱ्या नसतात. त्यामुळे तापलेल्या सिरॅमिकचे घट निम्म्याहून अधिक, आणि चांगल्या संचात साठ टक्क्यांच्या आसपासपर्यंत ऊर्जा विजेत रूपांतरित करू शकतात. धूर नाही, फिरणारे चक्र नाही आणि आवाजही जवळजवळ नाही.

मात्र यासाठी एक अट आहे. दोन्ही वायू एकमेकांत मिसळता कामा नयेत. मिसळले तर ते पेट घेतील व वीज मिळणार नाही. म्हणून त्यांच्यामध्ये अशी भिंत लागते की, जिच्यातून वायू जाणार नाही, साधी वीजही जाणार नाही, परंतु आयन मात्र जातील. ग्रोव्हने त्यासाठी सौम्य आम्ल वापरले होते. आम्ल सांडते, झिजविते व उष्णतेने उडून जाते. अशी भिंत घन पदार्थाची करता आली तर, या प्रश्नातून सिरॅमिक पदार्थांचा शोध पुढे सरकला.

नेर्न्स्टचा दिवा

या पदार्थांपैकी पहिला पदार्थ हाती लागला तो दिव्याच्या शोधात. जर्मनीतील गटिंगेन येथील शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट हे १८९७ च्या सुमारास अधिक प्रकाश देणारा विजेचा दिवा तयार करण्याच्या खटपटीत होते. एडिसनच्या दिव्यातील कोळशाची तार हवेत जळून जात असल्यामुळे काचेच्या गोळ्यातून हवा काढून घ्यावी लागे. नेर्न्स्ट यांनी झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडमध्ये, म्हणजे झिर्कोनियामध्ये, सुमारे १५ टक्के इट्रिया हे दुसरे ऑक्साइड मिसळून त्याची बारीक कांडी भाजून घेतली. थंड असताना या कांडीतून वीज मुळीच जात नसे. परंतु तिला आधी बाहेरून तापविले की, ती विजेस वाट देई आणि मग स्वतःच्याच उष्णतेने शुभ्र प्रकाश देत राही. ती आधीच ऑक्साइड असल्यामुळे हवेत जळून जाण्याची भीती नव्हती.

हा दिवा काही वर्षे बाजारात विकला गेला. पुढे टंगस्टनच्या तारेचे दिवे आले व तो मागे पडला. नेर्न्स्ट यांना १९२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक उष्णतेच्या रसायनशास्त्रातील कार्याबद्दल मिळाले, दिव्याबद्दल नव्हे. परंतु त्यांच्या कांडीचा पदार्थ आजही इंधन घटांत सर्वाधिक वापरला जातो. १९३७ मध्ये झुरिच येथे बाउर व प्राइस यांनी त्याच जातीच्या पदार्थाचा पहिला सिरॅमिक इंधन घट सुमारे १,००० अंश सेल्सियस तापमानावर चालवून दाखविला. त्यातून मिळालेली वीज अत्यल्प होती, परंतु मार्ग सापडला होता.

हाच पदार्थ आज कित्येकांच्या दारात उभा आहे. मोटारीच्या धुरात किती ऑक्सिजन शिल्लक आहे हे मोजणारा झिर्कोनियाचा संवेदक १९७६ पासून मोटारींत बसविला जाऊ लागला. भारतात १ एप्रिल २०२० पासून धुराचे भारत स्टेज सहा हे निकष लागू झाल्यानंतर बहुतेक नव्या मोटारसायकलींच्या धुराच्या नळीवरही असा संवेदक असतो. खेड्यातील तरुण ज्या गाडीवरून तालुक्याच्या गावी जातो, तिच्यात नेर्न्स्टच्या कांडीचा लहानसा वंशज काम करीत असतो.

रिकाम्या जागेचे महत्त्व

घन पदार्थातून ऑक्सिजनचे आयन सरकतात तरी कसे, याचा उलगडा जर्मन शास्त्रज्ञ कार्ल वाग्नर यांनी १९४३ मध्ये केला. शिक्षकांना तो वर्गात सहज समजावून देता येईल.

स्फटिकात कण ठरावीक जागी रांगेने बसलेले असतात. शुद्ध झिर्कोनियात झिर्कोनियमच्या प्रत्येक कणामागे ऑक्सिजनचे दोन कण असतात आणि सर्व जागा भरलेल्या असतात. इट्रियमचा विद्युतभार झिर्कोनियमपेक्षा एकाने कमी असतो. त्यामुळे झिर्कोनियमच्या दोन कणांच्या जागी इट्रियमचे दोन कण आले की, विद्युतभाराचा हिशेब जुळण्यासाठी ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. ही रिकामी जागा हेच सर्व गुणांचे मूळ होय.

समजा, वर्गातील एका रांगेत नऊ आसने आहेत आणि नऊ विद्यार्थी बसले आहेत. कोणालाही हलता येणार नाही. आता एका टोकाचा विद्यार्थी उठवून बाहेर पाठविला. त्याच्या शेजारचा विद्यार्थी रिकाम्या आसनावर सरकला, तर त्याची स्वतःची जागा रिकामी होईल. तेथे पुढचा येईल. असे करता करता रिकामी जागा रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईल आणि प्रत्येक विद्यार्थी एकेक आसन उलट दिशेने सरकलेला असेल. ऑक्सिजनचे आयन याच रीतीने सरकतात. उष्णता त्यांना जागा सोडण्याचे बळ देते. थंड असताना ते जागच्या जागी थरथरत राहतात. म्हणूनच नेर्न्स्टची कांडी आधी तापवावी लागे. ८०० ते ९०० अंश तापमानास या घन पदार्थाची वाहकता समुद्राच्या खाऱ्या पाण्याच्या जवळपास पोहोचते.

मग इट्रिया अधिकाधिक मिसळावे आणि रिकाम्या जागा वाढवाव्यात, असे कोणासही वाटेल. प्रयोग वेगळेच सांगतो. शंभर रेणूंत सुमारे आठ रेणू इट्रियाचे असताना वाहकता सर्वाधिक असते. त्यापुढे ती घटू लागते. रिकाम्या जागा फार झाल्या म्हणजे त्या परकीय कणांशी जखडल्या जातात आणि त्यांची हालचाल मंदावते.

इट्रियाचे दुसरेही एक काम आहे. शुद्ध झिर्कोनिया सुमारे १,१७० अंशांच्या आसपास आपली अंतर्रचना बदलतो व थंड होताना फुगतो; त्यामुळे तयार केलेली वस्तू भट्टीतून निघता निघता तडकते. इट्रियामुळे त्याची रचना स्थिर राहते. भट्टी लवकर उघडली तर मडक्यांना चिरा जातात, हे कुंभार जाणतो. झिर्कोनियाच्या बाबतीत भट्टी कितीही सावकाश निववली तरी चीर टळत नाही. तेथे घटक बदलणे हाच उपाय ठरला.

घटाची रचना

एक घट म्हणजे तीन थरांची पातळ वडी होय. मधला थर आयन वाहून नेणाऱ्या झिर्कोनियाचा. तो इतका घट्ट भाजलेला असावा लागतो की, त्यातून वायू झिरपू नये. एका बाजूस इंधनाकडील थर असतो. तो निकेल धातू व झिर्कोनिया यांच्या मिश्रणाचा आणि सच्छिद्र असतो. दुसऱ्या बाजूस हवेकडील थर असतो. तो बहुधा लँथॅनम, स्ट्राँशियम व मँगॅनीज यांच्या संयुक्त ऑक्साइडचा बनवितात. तोही सच्छिद्रच असतो. हवेतील ऑक्सिजन एका बाजूने आयनरूपाने मधल्या थरात शिरतो, पलीकडे जाऊन हायड्रोजनशी संयोग पावतो, आणि त्याने सोडलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून परत येतात. तारेतील हा प्रवाह म्हणजेच आपणास मिळणारी वीज.

या थरांच्या निर्मितीत कुंभाराच्या कलेचे सर्व टप्पे दिसतात. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरची मातीची भांडी प्रसिद्ध आहेत. तेथील कारागीर ज्याप्रमाणे माती चाळतो, मळतो, आकार देतो, सावलीत वाळवितो आणि मग भाजतो, त्याचप्रमाणे येथेही अत्यंत बारीक भुकटी द्रवात कालवून तिचा पातळ थर पसरवितात, वाळवून कापतात व १,३०० ते १,४०० अंशांच्या भट्टीत भाजतात. फरक आहे तो मापाचा. मधला थर आता अवघा १० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका, करता येतो. थर जितका पातळ तितका आयनांना होणारा अडथळा कमी.

एका घटापासून जेमतेम एक व्होल्टपेक्षाही कमी दाब मिळतो. म्हणून असे अनेक घट एकावर एक रचून त्यांचा संच करतात. अशा घटाला हायड्रोजनच पाहिजे असेही नाही. गंधक काढून टाकलेला नैसर्गिक वायू किंवा शेणापासून मिळणारा गोबरगॅस यांवरही तो चालू शकतो, कारण तापलेल्या निकेलवर वाफेच्या साहाय्याने मिथेनपासून हायड्रोजन तयार होतो. जपानमध्ये घराला पुरेल अशा सुमारे ७०० वॉट शक्तीच्या सिरॅमिक घटांची विक्री २०११-१२ पासून सुरू झाली. हे संच घराला वीज आणि स्नानासाठी ऊन पाणी अशा दोन्ही गोष्टी पुरवितात.

वाफेपासून हायड्रोजन

याच घटाला बाहेरून वीज दिली आणि इंधनाच्या जागी वाफ सोडली की, सर्व क्रिया उलट दिशेने घडते. वाफेतील ऑक्सिजन भिंतीतून पलीकडे निघून जातो व अलीकडे हायड्रोजन शिल्लक राहतो. पाणी फोडण्यास लागणारी ऊर्जा सर्वच्या सर्व विजेची असावी लागत नाही. तिचा काही भाग उष्णतेनेही भागतो. तापमान जितके अधिक तितका विजेचा वाटा कमी. साध्या तापमानास पाणी फोडण्यासाठी तत्त्वतः १.२३ व्होल्ट लागतात. ८०० अंशांस वाफ फोडण्यासाठी एक व्होल्टही पुरा लागत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा की, आज प्रचलित असलेल्या साध्या तापमानाच्या यंत्रांत एक किलोग्रॅम हायड्रोजन मिळविण्यास सुमारे ५० ते ५५ युनिट वीज खर्च होते, तर सिरॅमिक घटांत, वाफ बाहेरून मिळत असल्यास, ४० युनिटांच्या आसपास. म्हणून ज्या कारखान्यात उष्णता वाया जाते, तेथे हे तंत्र विशेष शोभून दिसते. पश्चिम जर्मनीत डोर्निअर कंपनीने १९८० च्या दशकातच त्याचे प्रयोग केले होते. अलीकडे साल्झगिटर येथील पोलाद कारखान्यात ७२० किलोवॉटचा असा संच बसविण्यात आला. अमेरिकेत नासाच्या एम्स संशोधन केंद्रात २०२३ मध्ये चार मेगावॉटचा संच चालविण्यात आला. दिवसाला दोन टनांहून अधिक हायड्रोजन देण्याची त्याची क्षमता होती.

या तंत्राची सर्वांत दूरची कसोटी पृथ्वीबाहेर झाली. नासाचे पर्सिव्हिअरन्स हे यान १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरले. त्यात मॉक्सी नावाचे एक लहान यंत्र होते. मंगळावरील विरळ हवेत मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आहे. तो वायू सुमारे ८०० अंशांवरील सिरॅमिक घटांतून नेऊन त्यातील ऑक्सिजन वेगळा काढणे हे या यंत्राचे काम होते. २० एप्रिल २०२१ रोजी त्याने प्रथमच सुमारे ५.४ ग्रॅम ऑक्सिजन मिळविला. २०२३ पर्यंत ते १६ वेळा चालविण्यात आले आणि एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन मिळाला. प्रमाण अल्प खरे. पण प्रत्येक वेळी थंडगार यंत्र ८०० अंशांपर्यंत तापवून पुन्हा निववावे लागले आणि तरीही ते तडकले नाही, हे विशेष होय. भारतात शिकून अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ के. आर. श्रीधर हेही पूर्वी मंगळासाठीच ऑक्सिजन मिळविण्याच्या अशा यंत्रावर काम करीत होते. तीच क्रिया उलट फिरवून पृथ्वीवर वीज निर्माण करण्यासाठी त्यांनी २००१ मध्ये कंपनी काढली. आज ती ब्लूम एनर्जी या नावाने ओळखली जाते.

आयुष्याचा प्रश्न

इतके गुण असताना हे घट सर्वत्र का दिसत नाहीत, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मुख्यतः त्यांच्या आयुष्यात आहे.

तिन्ही थर वेगवेगळ्या पदार्थांचे असल्यामुळे तापताना ते सारखे प्रसरण पावत नाहीत. फार लवकर तापविले वा निवविले तर थर सुटतात किंवा तडा जातो. निकेलचे सूक्ष्म कण उष्णतेने एकमेकांस चिकटून मोठे होतात व त्यांचे काम मंदावते. घटांना जोडणाऱ्या पोलादी पत्र्यांतील क्रोमियम बाष्परूपाने उडून हवेकडील थरावर जमते व त्यास निकामी करते. इंधनातील अल्पस्वल्प गंधकही बाधक ठरते. वाफ फोडताना हवेकडील थराखाली ऑक्सिजनचा दाब वाढून तो थर पोपडा सुटावा तसा सुटतो. यांपैकी एकही दोष पहिल्या दिवशी दिसत नाही. तो हजारो तासांनंतर दिसतो.

हा हिशेब असा मांडता येईल. समजा, दर हजार तासांमागे घटाचा दाब अर्धा टक्का उतरतो. ही उतरण किरकोळ वाटते. परंतु ४०,००० तासांनी, म्हणजे अखंड चालविल्यास साडेचार वर्षांनी, वीस टक्के शक्ती गेलेली असते. घरात दहा वर्षे चालावयाचा संच सुमारे ८७,००० तास टिकला पाहिजे. अशी परीक्षा घेण्यास तेवढीच वर्षे द्यावी लागतात. जर्मनीतील युलिश संशोधन केंद्राने ऑगस्ट २००७ मध्ये दोन घटांचा एक लहान संच ७०० अंशांवर सुरू केला आणि तो २०१९ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, चालू ठेवला. सुमारे एक लाख तासांनंतर तो बंद करून त्याचे थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आले. या प्रयोगाने हे पदार्थ दीर्घकाळ टिकू शकतात हे दाखविले. आणि या क्षेत्रात घाई चालत नाही, हेही दाखविले.

संशोधनाच्या दिशा

आजचे संशोधन प्रामुख्याने तापमान खाली आणण्याच्या मागे आहे. ८०० अंशांऐवजी ५०० ते ६५० अंशांवर काम भागले, तर महाग मिश्रधातूंऐवजी साधे पोलाद वापरता येईल, घट लवकर सुरू करता येईल व त्याचे आयुष्यही वाढेल. यासाठी तीन वाटा चोखाळल्या जात आहेत.

पहिली वाट भिंत पातळ करण्याची. तिचा उल्लेख वर आला आहे. दुसरी वाट अधिक वाहक पदार्थ शोधण्याची. सेरियम ऑक्साइडमध्ये गॅडोलिनियम मिसळले असता ते ६०० अंशांच्या आसपासही चांगले काम देते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील या संशोधनातून पोलादी पत्र्यावर पातळ थर देऊन बनविलेले घट पुढे आले. परंतु अधिक तापमानास हायड्रोजनच्या सान्निध्यात या पदार्थातून साधी वीजही गळू लागते, ही त्याची मर्यादा आहे. जपानमध्ये इशिहारा यांनी १९९४ मध्ये लँथॅनम व गॅलियम यांच्या ऑक्साइडचा आणखी एक वाहक पदार्थ प्रसिद्ध केला.

तिसरी वाट निराळीच आहे. जपानी शास्त्रज्ञ इवाहारा यांनी १९८१ मध्ये असे सिरॅमिक पदार्थ दाखविले की, ज्यांतून ऑक्सिजनऐवजी हायड्रोजनचे आयन सरकतात. हायड्रोजनचा आयन अत्यंत लहान असल्यामुळे तो कमी तापमानासही सहज हलतो. शिवाय वाफ फोडताना हायड्रोजन भिंतीच्या पलीकडे कोरडा मिळतो. त्यातून वाफ वेगळी काढण्याचे काम उरत नाही. मात्र यांतील बेरियमयुक्त पदार्थ कार्बन डायऑक्साइडने बिघडतात आणि भाजण्यासही अवघड असतात. मोठ्या आकाराचे टिकाऊ घट बनविणे हे अद्याप प्रयोगशाळांपुढील काम आहे.

भारतातील स्थिती

या पदार्थांचे मूळ द्रव्य आपल्या देशात आहे. केरळ, तमिळनाडू व ओडिशा यांच्या किनाऱ्यांवरील वाळूत झिर्कॉन हे खनिज सापडते. हैदराबाद येथील न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये, जे १९७१ मध्ये स्थापन झाले, झिर्कॉनच्या वाळूपासून शुद्ध झिर्कोनियम ऑक्साइड व त्यापासून अणुभट्टीसाठी लागणाऱ्या नळ्या तयार होतात. वाळूपासून शुद्ध ऑक्साइडपर्यंतची विद्या त्यामुळे आपल्या हाती आहे. किनाऱ्यावरील मोनाझाइट या दुसऱ्या खनिजात लँथॅनम व सेरियम विपुल आहेत. इट्रियम मात्र त्यात अल्प आहे. कोलकाता येथील केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत या घटांवर संशोधन झालेले आहे.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेस मान्यता दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन अक्षय ऊर्जेपासून निर्माण करण्याची क्षमता उभारणे, हे तिचे उद्दिष्ट आहे. याचा शेतकऱ्यांशी निकटचा संबंध आहे. युरियासाठी अमोनिया लागतो, अमोनियासाठी हायड्रोजन लागतो, आणि आज तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढला जातो. त्या वायूचा मोठा भाग परदेशातून येतो. त्यामुळे परदेशातील वायूची किंमत वाढली की, खतावरील अनुदानाचा बोजाही वाढतो.

आता वर दिलेले आकडे येथे लावून पाहावेत. प्रत्येक किलोमागे दहा युनिट विजेची बचत झाली, तर ५० लाख टनांमागे ५,००० कोटी युनिटांची बचत होते. तेवढी वीज कमी लागली म्हणजे तेवढे सौरपट्टे कमी लागतील आणि तेवढी जमीनही मोकळी राहील. अमोनिया तयार होताना बरीच उष्णता बाहेर पडते व तिच्यापासून वाफ करता येते. म्हणून खत कारखाना व सिरॅमिक घट यांची सांगड स्वाभाविक मानली जाते. हर्निंग येथे असे घट बनविण्याचा कारखाना उभारण्याचा निर्णय २०२२ मध्ये घेणारी डेन्मार्कची टोप्सो कंपनी अमोनिया कारखान्यांच्या तंत्रासाठीच पूर्वापार प्रसिद्ध आहे.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

ग्रोव्हने पाहिलेली गोष्ट माध्यमिक शाळेतही दाखविता येते. एका काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवावा. मीठ घालू नये, कारण त्यापासून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. दोन शिसपेन्सिली दोन्ही टोकांस तासून पाण्यात उभ्या कराव्यात आणि वरील टोके नऊ व्होल्टच्या बॅटरीस तारांनी जोडावीत. दोन्हींवर बुडबुडे दिसू लागतील. एकीवर अधिक, दुसरीवर कमी. अधिक बुडबुडे हायड्रोजनचे. काही मिनिटांनी बॅटरी काढून तिच्या जागी व्होल्टमापक जोडावा. बॅटरी नसतानाही त्याचा काटा काही वेळ दाब दाखवील व हळूहळू उतरेल. पेन्सिलींना चिकटलेले वायू पुन्हा संयोग पावून वीज देत असतात. प्रयोग खुल्या हवेत व शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. वायू साठवू नये व जवळ ज्योत आणू नये.

तीन प्रश्न

हायड्रोजन व इंधन घट यांविषयी येत्या काळात अनेक योजना, जाहिराती व प्रस्ताव ग्रामपंचायतींपुढे आणि कार्यालयांपुढे येतील. त्यांची पारख करण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही. हा संच प्रत्यक्ष किती तास चाललेला आहे? तेवढ्या तासांत त्याची शक्ती किती उतरली? आणि तो किती वेळा पूर्ण थंड करून पुन्हा सुरू केला गेला? या तीन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत व लेखी मिळाली, तरच पुढील बोलणे करावे. सिरॅमिक घटांच्या बाबतीत किंमत, हमी व दुरुस्तीचा खर्च हे सारे याच तीन आकड्यांवर अवलंबून असते.

खेड्यातील घराघरांत हे घट लवकरच येतील असे समजण्याचे कारण नाही. त्यांची पहिली जागा खत कारखाने, पोलाद कारखाने व रात्रंदिवस वीज लागणारी मोठी केंद्रे यांत आहे. तेथे ते टिकले आणि स्वस्त झाले, तर गोबरगॅसवर चालणारे लहान संचही पुढे येऊ शकतील. तोवर गावातील सौरदिवे, गोबरगॅसची संयंत्रे व सौरपंप यांची निगा राखणे हाच ऊर्जेचा जवळचा मार्ग होय.